आधी पोटोबा, मग बोर्डिंग

वाचकांचे प्रश्न : विमानतळावरचं खाणं

विमानतळावर काय खावं आणि घरून काय न्यावं, याविषयी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

विमानतळावरच्या कॅफेत काचेच्या फ्रिजमधलं सँडविच घेतलं. पाव मधोमध ओला, कडेला वातड, आणि चव कशालाच नाही. इतके पैसे मोजून असं का मिळतं? चांगलं सँडविच ओळखायचं कसं? – एक वाचक, ठाणे

फ्रिजमधलं सँडविच त्या काउंटरवर भरलेलं नसतं. बहुतेक कॅफेंची सँडविचं एका मध्यवर्ती स्वयंपाकघरात तयार होतात, गाडीने टर्मिनलपर्यंत येतात, सामानाच्या तपासणीतून जातात आणि मग फ्रिजमध्ये लागतात. सारणात चीज, मेयोनीज, चिकन असलं की तापमान 5 अंश सेल्सिअसच्या आत ठेवावंच लागतं, नाहीतर पोट बिघडवणारे जंतू वाढतात. पण पावाचं सगळ्यात जास्त नुकसान याच तापमानाला होतं. भाजताना पाणी पिऊन फुगलेला पिठातला स्टार्च थंडीत पुन्हा आवळतो, त्यामुळे पाव बाहेर ठेवला तर जितका लवकर शिळा होईल त्याहून लवकर फ्रिजमध्ये होतो. दुसरीकडे टोमॅटो-काकडीला मीठ लागलं की त्यांचं पाणी सुटतं आणि ते थेट खालच्या स्लाइसमध्ये उतरतं. म्हणून एकाच सँडविचची कड वातड आणि मधला भाग लगदा, असं होतं. चूक बनवणाऱ्याच्या हातापेक्षा वेळेची जास्त असते.

घेण्याआधी पाकीट उलटं करून खालची स्लाइस बघा. तिच्यावर गडद, ओलसर डाग दिसले तर ते ठेवून द्या. पाकिटाच्या आतल्या बाजूला दवाचे थेंब असतील तर ते सँडविच मध्ये कधीतरी फ्रिजबाहेर राहून पुन्हा आत गेलेलं असू शकतं. तेही नको. मग लेबल वाचा. पॅक केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खायचं ती तारीख, दोन्ही छापलेल्या असतात. आज पॅक केलेलं आणि काल पॅक केलेलं शेजारी-शेजारी ठेवलेलं असतं. जुनं आधी खपावं म्हणून ते पुढे मांडतात, तेव्हा मागच्या रांगेतलं काढा.

सारण निवडताना पाणी सुटणारं काय आहे, एवढंच बघा. काकडी-टोमॅटो-लेट्यूस किंवा कोबीचं कोलस्लॉ असलेली सँडविचं दोन-चार तासांतच मान टाकतात. पनीर टिक्का, चटणी-चीज, उकडलेलं अंडं, भाजलेल्या भाज्या यांची टिकून राहतात. पावात साधी पांढरी स्लाइस सगळ्यात आधी हरते. फोकाचिया किंवा चियाबाटासारखा तेल घातलेला, जाड सालीचा पाव बराच वेळ धीर धरतो.

आता गरम करण्याविषयी. काउंटरवर विचारल्याशिवाय पाकीट मायक्रोवेव्हमध्ये टाकतात आणि तिथेच सँडविच संपतं. पावातल्या पाण्याची वाफ होते, पाव क्षणभर मऊ लागतो आणि दोन मिनिटांत चामड्यासारखा होतो. म्हणून ऑर्डर देतानाच सांगा, ‘ग्रिलवर करा, मायक्रोवेव्ह नको.’ दाबायच्या ग्रिलवर तीन ते चार मिनिटं लागतात. एवढ्यात पावाच्या दोन्ही बाजू कोरड्या होतात आणि चीज वितळतं. फ्रिजमधून काढलेलं जाड सँडविच मध्यभागी गारच राहतं, तेव्हा ते अर्ध्यात कापून, कापलेल्या बाजूवर हात धरून बघा. गार असेल तर परत ग्रिलवर ठेवायला सांगा, संकोच करू नका.

आमचं स्पष्ट मत असं, की भारतातल्या विमानतळावर तवा किंवा कढई डोळ्यांसमोर चालू असेल तर फ्रिजकडे वळूच नये. डोसा, उत्तप्पा, तव्यावरचा मसाला पाव, अंड्याचं ऑम्लेट हे मागितल्यावर होतं. वडापाव किंवा समोसा घ्यायचा तर एकच प्रश्न विचारा : ‘आताचा घाणा आहे का?’ गरम दिव्याखाली तासभर बसलेला वडा वरून तापलेला असतो, पण त्याचं आवरण मऊ पडून तेल आत गेलेलं असतं. पाच-दहा मिनिटं थांबून पुढच्या घाण्याचा वडा घेतलेला केव्हाही चांगला. आणि जिथे गर्दी आहे तिथेच उभे राहा. विमानतळावर रांग हीच ताज्या मालाची खूण आहे, कारण तिथलं खाणं पडून राहत नाही.

फक्त घड्याळाचं भान ठेवा. देशांतर्गत उड्डाणांचं गेट साधारण 25 मिनिटं आधी बंद होतं. मुंबईच्या टर्मिनल 2 सारख्या लांबलचक इमारतीत फूड कोर्टपासून शेवटच्या गेटपर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालावं लागू शकतं. सकाळच्या गर्दीत डोशाचं टोकन लागायला पंधरा-वीस मिनिटं धरा. म्हणजे उड्डाणाला निदान सव्वा तास असेल तरच डोसा सांगावा. खायचं ते सुरक्षा तपासणी झाल्यावरच. तपासणीच्या रांगेला किती वेळ लागेल याचा नेम नसतो आणि त्याआधी बसून खाल्लेला प्रत्येक घास जिवाला घोर लावतो.

घरून डबा नेला तर विमानतळावर अडवतात का? सकाळी भरलेलं सँडविच दुपारपर्यंत चांगलं राहील असं कसं करायचं? – एक वाचक, डोंबिवली (आणि आणखी चार पत्रं)

कोरडं, घट्ट खाणं हँडबॅगेत नेता येतं. पोळी-भाजी, ठेपले, थालीपीठ, सँडविच, चिवडा, लाडू यांना हरकत नसते. अडतं ते पातळ आणि तिखट. आंतरराष्ट्रीय प्रवासात पातळ किंवा पेस्टसारखा पदार्थ 100 मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यात चालत नाही आणि अशा सगळ्या डब्या मिळून 1 लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसाव्या लागतात. दही, आमटी, तूप, ओली चटणी, जॅम, पीनट बटर हे सगळं यात मोजतात. लाल तिखट आणि मसाल्याच्या पुड्या हँडबॅगेतून काढून घेतात, आणि तेल सुटलेल्या लोणच्यावरून वाद होतोच, तेव्हा त्यांची जागा चेक-इनच्या बॅगेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र नेऊच नका. त्यात तेल इतकं असतं की ढिगात ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत त्याची गणना धोकादायक मालात होते.

डबा प्लॅस्टिकचा घ्या. स्टीलचा डबा एक्स-रेवर काळा दिसतो आणि बॅग उघडावी लागते. पाण्याची बाटली रिकामी न्या, तपासणीनंतर पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, तिथे भरा.

आता सँडविच. मुंबईच्या गाडीवरचं सँडविच लगेच खाण्यासाठी जमलेलं आहे. ते तसंच बांधून नेलं तर दोन तासांत गळतं. प्रवासासाठी त्यात तीन बदल करावे लागतात : पावावर लोण्याचा अखंड थर, चटणी घट्ट, आणि कच्च्या भाज्यांचं पाणी आधीच काढून टाकलेलं.

चार सँडविचांना आठ स्लाइस लागतात. त्या आतल्या बाजूने तव्यावर कोरड्याच भाजा, रंग न येता फक्त हाताला कडक लागेपर्यंत, आणि जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. एका वाटीभर कोथिंबिरीला दोन हिरव्या मिरच्या, एक मोठा चमचा डाळं, अर्ध्या लिंबाचा रस आणि मीठ घालून चटणी वाटा. पाणी अजिबात नको. डाळं उरलासुरला ओलावा शोषून घेतं. प्रत्येक स्लाइसवर साधारण 5 ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, मऊ लोणी अगदी कडेपर्यंत लावा. इथे काटकसर करू नका, कारण चटणीचं पाणी पावात शिरण्यापासून अडवणारं एवढं एकच काम लोणी करतं. जिथे लोणी नाही तिथेच पाव ओला होतो. लोण्यावर चटणी, त्यावर पूर्ण गार झालेल्या दोन मध्यम बटाट्यांच्या चकत्या आणि वर मीठ-मिरपूड. बटाटा कोमट असताना भरला तर त्याची वाफ पाकिटात अडकते आणि सगळी मेहनत वाया जाते. काकडी हवीच असेल तर चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, फडक्यात पिळा आणि मग भरा. टोमॅटो घरीच राहू द्या. आधी बटर पेपरमध्ये गुंडाळा, वरून फॉइल. नुसत्या फॉइलमध्ये घाम धरतो.

हे सँडविच भरल्यापासून चार तासांत खा. उकडलेला बटाटा आपल्या हवेत त्यापुढे ठेवणं बरं नाही. प्रवास लांबचा असेल तर सँडविचचा हट्ट सोडा आणि दशम्या करा. प्रवासाची ही आपल्याकडची जुनी शिदोरी आहे आणि विमानातही तिच्या तोडीचं काही नाही. दोन वाट्या कणकेला दोन चमचे तेलाचं मोहन, चवीपुरतं मीठ, आणि पाण्याऐवजी दूध. साधारण पाऊण वाटी ते एक वाटी दूध लागतं. कणीक पोळीपेक्षा किंचित घट्ट भिजवा, जाडसर लाटा आणि मंद आचेवर तेल सोडून भाजा. दुधातल्या स्निग्धांशामुळे दशमी गार झाली तरी चिवट होत नाही. एकावर एक गरम रचू नका, एकेक सुटी गार करा. वाफ धरली की दुसऱ्या दिवशी वास येतो. सोबत बटाट्याची कोरडी काचऱ्या-भाजी किंवा गुळाचा खडा.

वडिलांना मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घेतात. पुण्याहून पहाटेचं विमान आहे. खाण्याचं कसं सांभाळायचं? – एक वाचक, सातारा

इन्सुलिनचा डोस आणि वेळ यात बदल करायचा तर तो डॉक्टरांना विचारूनच. आम्ही विमानतळाच्या बाजूचं सांगतो.

जेवणाआधीचं, लवकर लागू होणारं इन्सुलिन ताट हातात आल्याशिवाय घ्यायचं नाही. टोकन घेतलं म्हणून टोचून घेतलं आणि काउंटरवर वीस मिनिटं लागली, किंवा तेवढ्यात बोर्डिंग सुरू झालं, की साखर उतरते. विमानातही तसंच, ट्रॉली आपल्या रांगेपाशी येईपर्यंत थांबा. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर ठेवा. साखर उतरल्याची लक्षणं दिसली तर साधारण 15 ग्रॅम, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे साखर देऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. फळांच्या रसाची बाटली या कामाला चांगली, एरवी टाळावी. इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत कधीच ठेवू नका. बॅगांच्या कप्प्यात ते गोठलं तर निकामी होतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी.

पहाटे बरीच काउंटर नुकती उघडत असतात आणि मिळतं ते पोहे, उपमा, इडली. तिन्ही पिष्टमयच आहेत. अर्धी प्लेट घ्यावी आणि सोबत उकडलेलं अंडं, ऑम्लेट किंवा घरून नेलेले भाजलेले शेंगदाणे-फुटाणे ठेवावेत. घरचं खाणं सोबत असणं हाच यांच्यासाठी सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. दोन दशम्या बॅगेत असल्या की काउंटर उघडं आहे की बंद, याची काळजी उरत नाही.

साध्या पाण्याच्या बाटलीला आणि चहाला विमानतळावर इतके पैसे का? तक्रार करता येते का? – एक वाचक, नागपूर

दुकानदार विमानतळ कंपनीला भाडं आणि विक्रीतला वाटा देतो. तो खर्च शेवटी आपल्या चहाच्या कपात येतो. तरी काही मर्यादा कायद्याने घातलेल्या आहेत.

एकाच बंद मालावर जागेनुसार दोन वेगवेगळ्या छापील किमती ठेवण्यावर 1 जानेवारी 2018 पासून बंदी आहे. दुकानातून बाटली विकत घेताना छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही, आणि त्या किमतीवर वेगळा जीएसटीही नाही, कारण छापील किंमत सगळे कर धरून असते. मात्र टेबलावर बसून मागवलेल्या बाटलीचं वेगळं आहे. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये सेवा मिळते, म्हणून तिथे छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं आहे. तेव्हा बाटली दुकानातून घ्या, नाहीतर नळावर भरा.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावलेला दिसला तर तो काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये त्याला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती मनाई कायम ठेवली. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो काढून ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.

स्वस्त पर्यायही आता आहे. ‘उडान यात्री कॅफे’ डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर सुरू झाला. सुरुवातीचे दर चहा आणि पाणी 10 रुपये, कॉफी आणि समोसा 20 रुपये असे होते. पुढे चेन्नई आणि पुण्यासह आणखी विमानतळांवर हे कॅफे आले. हे काउंटर चकचकीत दुकानांच्या रांगेत पटकन नजरेत भरत नाही, म्हणून आत शिरताच चौकशी कक्षात त्याच नावाने विचारा. आणि तुमच्या विमानतळावर तो नसेल तर ‘एअरसेवा’ या सरकारी तक्रार पोर्टलवर मागणी जरूर नोंदवा. दहा रुपयांचा चहा मागण्यात संकोचाचं काहीच नाही.

विमानाला उशीर झाला तर कंपनीने जेवण द्यायला हवं ना? नेमका नियम काय? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

हवं. वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला उशीर झाल्यास खाणं-पिणं देण्याचा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. किती उशिरानंतर, ते प्रवासाच्या लांबीवर ठरतं. विमान एका गेटवरून निघून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा वेळ अडीच तासांपर्यंत असेल तर 2 तास उशिरानंतर, अडीच ते पाच तास असेल तर 3 तासांनंतर, त्याहून लांबच्या प्रवासाला 4 तासांनंतर. मुंबई-दिल्ली पहिल्या गटात येतं.

प्रत्यक्षात मागितल्याशिवाय मिळत नाही, असं अनेकदा होतं. गेटवरच्या कर्मचाऱ्याला विचारा, आणि कूपन मिळालं तर ते कोणत्या काउंटरवर चालतं, किती रुपयांचं आहे आणि कधीपर्यंत, हे तिथेच पक्कं करून घ्या. रात्री उशिरा कूपन असतं पण काउंटर बंद झालेलं असतं. शंभर-दीडशे प्रवाशांना एकदम कूपन मिळालं की सगळे सगळ्यात जवळच्या काउंटरवर तुटून पडतात. यादीतलं दूरचं काउंटर गाठा.

मुलीकडे लंडनला जात आहोत. परतीच्या वेळी हीथ्रोवर चार तास आहेत. आम्ही दोघंही शाकाहारी, अंडं खात नाही. काय मिळेल? आणि जाताना इथून काय नेता येईल? – एक वाचक, कोल्हापूर

सँडविचच्या बाबतीत हीथ्रो उत्तम जागा आहे. तिथे गार सँडविच हेच रोजचं दुपारचं जेवण, त्यामुळे खप मोठा आणि माल रोजचा. प्रेट अ माँजेरची सँडविचं दुकानाच्याच स्वयंपाकघरात त्या दिवशी भरतात. बूट्स हे खरं तर औषधांचं दुकान, पण तिथे सँडविच, एखादा खाऊ आणि पेय असा ‘मील डील’ ठरलेल्या किमतीत मिळतो. वेगवेगळं घेण्यापेक्षा तो बराच स्वस्त पडतो.

आपल्यासारखा हिरवा ठिपका तिथे नाही, लेबल वाचावं लागतं. तिथल्या ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं बसतं आणि मेयोनीज तर जवळजवळ नेहमी अंड्याचंच असतं. म्हणून तुम्ही ‘व्हेगन’ लिहिलेलं शोधा. फलाफल-हमसचा रॅप, म्हणजे छोल्यांचे वडे आणि छोल्यांची चटणी भरलेली गुंडाळी, सहसा मिळतो. दुकानातच भरून बांधलेल्या खाण्यावरही सगळे घटक छापण्याची सक्ती ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2021 पासून आहे. तीळ घातलेला बगेट खाऊन अ‍ॅलर्जीने दगावलेल्या नताशा या मुलीच्या नावाने तो कायदा ओळखला जातो. अंडं, दूध, तीळ, मोहरी असे 14 अ‍ॅलर्जीकारक घटक ठळक अक्षरांत असतात, त्यामुळे अंडं शोधायला दहा सेकंद पुरतात. चीजचं मात्र जपून. पार्मेझान हे इटालियन चीज वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दुधाचं विरजण, घालूनच करतात, तेव्हा ते असलेला पेस्टो किंवा पास्ता तुमच्यासाठी नाही. ‘शाकाहारींना योग्य’ असं लिहिलेलं चीज चालेल.

किमतीतही एक बारकावा आहे. गार सँडविच बांधून नेलं तर त्यावर व्हॅट शून्य, तेच तिथे बसून खाल्लं किंवा गरम करून घेतलं तर 20 टक्के. काउंटरवर दोन किमती लिहिलेल्या दिसल्या तर हेच कारण. बांधून घ्या आणि गेटपाशी बसून खा.

जाताना नेण्याविषयी : भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. लेकीसाठी पेढे, बर्फी, पनीर, तूप भरलं असेल तर उतरल्यावर जप्त होऊ शकतं. सँडविचमधलं चीजही त्यातच आलं, तेव्हा ते विमानातच संपवा. चकली, चिवडा, शंकरपाळी, तुपाऐवजी तेलावर केलेले शेंगदाण्याचे लाडू, चेक-इनच्या बॅगेत घट्ट झाकणाच्या बरणीत लोणचं आणि गोडा मसाला, एवढं बिनधास्त न्या. लोणच्याच्या बरणीला झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावा आणि बरणी पूर्ण भरू नका. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की आतली हवा फुगते आणि काठोकाठ भरलेल्या बरणीतलं तेल झाकणातून बाहेर येतं. बोटभर जागा रिकामी ठेवा.